अंकपाशाचे आचार्य : भास्कराचार्य

अकबर बादशहाच्या आज्ञेवरून त्याचा दरबारी कवी फैजी याने इ. स. १५८७ मध्ये एका संस्कृत गणितग्रंथाचा फारसी अनुवाद सिद्ध केला. ग्रंथ होता 'लीलावती' आणि ग्रंथकार भास्कराचार्य. अनुवादाच्या प्रस्तावनेत फैजीने ग्रंथकाराचे जन्मस्थान म्हणून दक्षिणेतील बीदर शहराचे नाव दिले आहे. बीदरच्या मुलखातील मराठी वाचकाचा ऊर या उल्लेखाने भरून यावा, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच प्रस्तावनेत लीलावती नावाच्या कन्येची, तिच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची ती सर्वश्रुत कथाही आहे. दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या असल्याने त्यांची पारखही एकाच तराजूत करणे न्यायाचे ठरते. तत्पूर्वी आचार्यांनी स्वतःविषयी काय सांगितले आहे ते पाहू.

भास्कराचार्यांनी आपल्या 'सिद्धांतशिरोमणी' या ग्रंथाच्या गोलाध्यायात आपला परिचय मोजक्या शब्दांत दिला आहे. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये त्यांनी हा ग्रंथ रचला. गोत्र शांडिल्य. वास्तव्य सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या नगरात. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. प्राचीन ग्रंथकारांच्या कालनिर्णयासाठी संशोधकांना तर्काच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्वतःचे जन्मवर्ष आणि ग्रंथरचनेचे वर्ष अशा नेमकेपणाने नोंदविणाऱ्या या गणकाचे ऋण विशेष वाटेल. राजाचे नाव मात्र त्यांनी कोठे घेतलेले नाही. आश्रयदात्याची स्तुती हा ज्या काळात ग्रंथाचा जणू प्रवेशकर होता, त्या काळातील हे मौन लक्षात राहण्याजोगे आहे.

तो काळ कल्याणच्या चालुक्यांचा होता. आचार्यांचा जन्म झाला तेव्हा कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, सिंहासनावर सहावा विक्रमादित्य होता. याच राजाच्या काळात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. त्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर स्वतः 'मानसोल्लास' या ज्ञानकोशसदृश ग्रंथाचा कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. आचार्यांचा ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा चालुक्यांची सत्ता उतरणीस लागली होती. पुढील काही वर्षांत कलचुरी बिज्जलाने कल्याण बळकावले, बसवेश्वरांच्या चळवळीने त्याच नगरात समाजाचा पाया ढवळून निघाला, बिज्जलाचा अंत झाला आणि अखेरीस देवगिरीच्या यादवांनी या प्रदेशावर आपला अंमल बसविला. एका माणसाच्या हयातीत तीन राजवंश उदयास्त पावले. आचार्यांच्या ग्रंथांत या धामधुमीचे पडसाद नाहीत. तेथे ग्रहांच्या गती आहेत, सावल्यांची मोजमापे आहेत आणि अंकांचे खेळ आहेत.

विज्जडविड कोठले, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. विजापूर, बीड, बीदर आणि खानदेशातील पाटण अशी निरनिराळी स्थळे पुढे करण्यात आली. काही प्रतींतून या नावाचा विज्जलविड असाही पाठ मिळतो आणि त्यावरून कल्याणच्या बिज्जलाशी नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु बिज्जलाने कल्याण घेण्यापूर्वीच ग्रंथ पूर्ण झालेला होता. तेव्हा नामसादृश्यापलीकडे या तर्कात बळ नाही. बीदरच्या पक्षात फैजीची साक्ष आहे, पण ती आचार्यांच्या नंतर चारशे वर्षांनी लिहिली गेली. फैजी अनुवाद करीत होता तेव्हा बीदर ही बहामनी आणि बरीदशाही वैभवामुळे उत्तरेतही गाजलेली राजधानी होती. विज्जडविड हे अनोळखी नाव ऐकून दक्षिणेतील ओळखीचे बीदर त्याच्या लेखणीवर आले असल्यास नवल नाही. शिवाय बीदरच्या तांबड्या पठारावरून सह्याद्री दृष्टीस पडत नाही, आणि आचार्यांनी तर आपले गाव सह्याच्या आश्रयाला असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. विजापूरलाही हाच आक्षेप लागू पडतो.

पाटणचे पारडे जड करणारा पुरावा एकोणिसाव्या शतकात उजेडात आला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावनजीक पाटण येथील जुन्या देवालयातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून काढला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती विद्वानांपुढे ठेवली. लेख आचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठासंबंधी आहे. त्यात घराण्याची वंशावळ सलग दिली आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव. यांपैकी भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचा उल्लेख आहे. आचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याची कीर्ती ऐकून यादव राजा जैत्रपाल याने त्याला याच नगरातून नेले आणि आपल्या पंडितांचा प्रमुख केले, असेही लेख सांगतो. या एका उल्लेखामुळे घराण्याचे वास्तव्य पाटणच्या परिसरात होते असे मानण्यास चांगला आधार मिळतो. जवळच्याच बहाळ येथील शके ११४४ चा शिलालेख महेश्वराच्या वंशातील अनंतदेवाने बांधलेल्या भवानीच्या देवळाची नोंद करतो. दोन गावे, दोन लेख आणि एकच घराणे. फैजीच्या एका वाक्यासमोर या दगडांचे वजन अधिक भरते. बीदरकरांनी हे मान्य करावयास हवे. गंमत अशी की, खुद्द फैजी पुढे १५९१ मध्ये बादशहाचा वकील म्हणून खानदेशात आणि अहमदनगरला आला. पण तोवर त्याचा अनुवाद पूर्ण होऊन चार वर्षे लोटली होती.

आता दुसरी गोष्ट, लीलावतीची. कन्येच्या पत्रिकेत वैधव्ययोग असल्याने आचार्यांनी तो टाळणारा एकच मुहूर्त शोधला. घटिकापात्रावर वाकून पाहणाऱ्या मुलीच्या अलंकारातील मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, पाणी शिरेना आणि मुहूर्त टळून गेला. तेव्हा पित्याने तिचे नाव चिरंतन करण्यासाठी ग्रंथाला ते दिले, अशी ही हृद्य कथा. आचार्यांच्या कोणत्याही ग्रंथात तिचा मागमूस नाही. घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची माहिती देणारा पाटणचा लेखही लीलावतीविषयी काही सांगत नाही. ग्रंथात एका हरिणाक्षी बालिकेला उद्देशून प्रश्न विचारले आहेत हे खरे, परंतु तेथे मित्र, व्यापारी आणि गणक यांनाही तशीच संबोधने आहेत. ज्या प्रस्तावनेतील बीदर आपण पुराव्याअभावी सोडून दिले, तिच्यातीलच मोत्याची गोष्ट केवळ गोड आहे म्हणून इतिहासात ठेवता येणार नाही. लोककथा म्हणून तिचे स्थान अढळ आहे, आणि तिने कित्येक मुलामुलींना गणिताच्या उंबरठ्यावर आणले हेही खरेच.

'सिद्धांतशिरोमणी'चे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात व्यवहारातील हिशेब आहेत. परिकर्मे, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रफळे, खोदकाम, विटांच्या राशी, लाकूडकाम, धान्याचे ढीग, शंकूची सावली असा क्रम लावीत ग्रंथ पुढे सरकतो. शेवटची दोन प्रकरणे मात्र बाजारपेठेच्या गरजेपलीकडची आहेत. एक कुट्टक, दुसरे अंकपाश. बहुतेक चरित्रकार 'बीजगणिता'तील चक्रवाल पद्धतीवर भर देतात आणि ते योग्यच आहे. एकसष्टपट वर्गात एक मिळविल्यास पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधताना आचार्यांनी २२६१५३९८० हे उत्तर हाती दिले आणि त्या वर्गाचे मूळ १७६६३१९०४९ असे काढले, हा पराक्रम लहान नव्हे. तथापि 'लीलावती'च्या या शेवटच्या दोन प्रकरणांकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारण विसाव्या शतकाने निर्माण केले आहे. दूरवर पाठविलेला संदेश वाटेत बिघडला तरी तो दुरुस्त करता यावा, आणि परक्याच्या हाती पडला तरी त्याला तो वाचता येऊ नये, या दोन गरजांतून संकेतनशास्त्र व कूटलेखनशास्त्र उभे राहिले. त्यांचे गणित ज्या मातीत रुजले आहे ती माती मांडणी आणि निवड यांच्या गणनेची आहे.

ही गणना आचार्यांनी प्रथम केली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. छंदःशास्त्रात पिंगलाने लघु आणि गुरू यांचे सर्व प्रस्तार मांडण्याची रीत फार पूर्वीच दिली होती. त्याहून जवळचे उदाहरण कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडचे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' रचला आणि अनेक वस्तूंतून काही वस्तू निवडण्याचे किती प्रकार होतात याचा सर्वसाधारण नियम त्यात दिला. भास्कराचार्यांनी हाच नियम मिश्रक व्यवहारात घेतला आहे. आठ झरोक्यांच्या रम्य प्रासादात एक, दोन, तीन असे करीत झरोके उघडे ठेवण्याचे किती प्रकार? उत्तर अनुक्रमे ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८ आणि १, एकूण २५५. सहा रसांपासून होणारे पाकभेद ६३. गायत्री छंदाच्या सहा अक्षरी चरणाचे भेद ६४ आणि चोवीस अक्षरांच्या पूर्ण छंदाचे १६७७७२१६.

आचार्यांचे स्वतःचे काम अंकपाशात दिसते. अंकांची जागा बदलल्याने होणारे भेद मोजणे, एवढ्यासाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरण योजिले. दोनपासून नवापर्यंतचे आठ अंक घेतले तर ४०३२० निरनिराळ्या संख्या होतात. आचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत, त्या सर्व संख्यांची बेरीजही एका फटकाऱ्यात काढतात. ती २४६३९९९९७५३६० येते. एकच अंक पुन्हा पुन्हा आला तर भेद कमी होतात. चार, आठ आणि तीन वेळा पाच, यांचे भेद १२० नव्हेत, २० च. नऊ अंकांतून सहा निराळे अंक सहा स्थानांवर ठेवण्याचे प्रकार ६०४८०. पाच स्थानांतील शून्यरहित अंकांची बेरीज तेरा व्हावी, अशा संख्या ४९५. शेवटच्या नियमाला त्यांनी घातलेली मर्यादा त्यांच्या चोखपणाची खूण आहे : अंकांची बेरीज ही स्थानसंख्येत नऊ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असली पाहिजे. तेरा हा चौदाच्या अगदी आतला आकडा. त्यापुढे गेल्यास एखाद्या स्थानावर दहा येण्याचा धोका उत्पन्न होतो आणि सूत्र चुकते. उदाहरण निवडताना आचार्यांनी मर्यादेच्या काठावरचाच आकडा घेतला, यात त्यांच्यातील शिक्षक दिसतो. या प्रकरणात गुणक, भाजक, वर्ग, घन यांपैकी काही नसूनही गर्विष्ठ गणक येथे हमखास नमतात, अशा अर्थाची मिस्कील टिप्पणी करून त्यांनी ते संपविले आहे.

सर्वांत बोलके उदाहरण देवमूर्तींचे आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, शर आणि चाप ही दहा आयुधे अदलाबदल करून दिली तर मूर्तीचे किती भेद होतील? ३६२८८००. आणि हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ व शंख दिले तर? चोवीस. हे चोवीस भेद केवळ कल्पनेतील नाहीत. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी विष्णूची चोवीस नावे आपण संध्येत उच्चारतो. मूर्तिशास्त्राने प्रत्येक नावाला आयुधांचा एकेक क्रम नेमून दिला आहे. ग्रंथागणिक हे क्रम बदलतात, पण तत्त्व एकच आहे. मूर्तीच्या हातांतील मांडणी वाचून देवाचे नाव ओळखावयाचे. आजच्या भाषेत ही एक संकेतावलीच झाली.

कल्याण परिसरातील जुन्या देवळांतून फिरणाऱ्याला भग्न मूर्ती नव्या नाहीत. समजा, चतुर्भुज विष्णूचा एक हात तुटला आहे. उरलेल्या तीन हातांत शंख, चक्र आणि गदा असतील तर तुटलेल्या हातात कमळच होते हे निःशंक सांगता येते आणि मूर्तीचे नाव सापडते. हरवलेले एक चिन्ह उरलेल्यांवरून भरून काढता आले. एखाद्या मूर्तिकाराने चुकून दोन हातांत शंखच कोरला, तर चूक झाली एवढे लगेच कळते; पण कोणत्या हातात झाली ते कळत नाही. आणि त्याने शंख व चक्र यांची नुसती अदलाबदल केली, तर चूक झाल्याचेही कळणार नाही. कारण ती नवी मांडणीदेखील दुसऱ्याच कुणा देवाची शुद्ध मूर्ती ठरेल. चोवीसच्या चोवीस मांडण्या वापरून संपल्या आहेत, चुकीसाठी मोकळी जागा राखलेली नाही.

हीच मोकळी जागा राखण्याचे शास्त्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडले. गायत्रीच्या चरणाचे ६४ भेद घेऊन त्याचा विचार करता येतो. सर्व भेद अर्थपूर्ण मानले तर एका अक्षराचा लघू चुकून गुरू झाला की दुसराच भेद होतो आणि चूक लपते. पण ज्यांत गुरू अक्षरे सम आहेत असेच भेद वापरावयाचे ठरविले, तर आचार्यांच्याच आकड्यांनुसार १, १५, १५ आणि १ मिळून ३२ भेद उरतात. आता एक अक्षर बिघडले की गुरूंची संख्या विषम होते आणि चूक उघडी पडते. निम्मे भेद टाकून दिले, त्या बदल्यात राखणदार मिळाला. चूक ओळखण्यापलीकडे जाऊन ती दुरुस्त करावयाची असेल, तर निवड अधिक चतुराईने करावी लागते. सात स्थानांतून तीन निवडण्याचे प्रकार आचार्यांच्या नियमाने ३५ होतात. त्यांतून १२४, २३५, ३४६, ४५७, ५६१, ६७२ आणि ७१३ ही सातच त्रिकुटे उचलली, तर कोणतीही दोन स्थाने बरोबर एकाच त्रिकुटात एकत्र येतात. हॅमिंग यांच्या सात स्थानांच्या संकेतावलीचा सांगाडा असल्याच त्रिकुटांचा आहे. एकूण मांडण्या किती, हा आचार्यांचा प्रश्न होता. त्यांतील कोणत्या घ्याव्यात, हा आपल्या काळाचा. पहिल्याचे उत्तर हाती नसते तर दुसरा विचारताच आला नसता.

या निवडीच्या शास्त्राला भारतीयांनी मोठा हातभार लावला. होशंगाबादला जन्मलेले राजचंद्र बोस आणि सागरला जन्मलेले मराठी गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी अर्नेस्ट पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरविले. मुंबई विद्यापीठात श्रीखंडे यांनी या विषयाची परंपरा निर्माण केली. त्यांचे निधन २०२० मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर झाले.

भेदांची संख्या प्रचंड आहे एवढ्याने गुप्तता साधत नाही, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने दाखविले आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे एका अक्षरासाठी दुसरे चिन्ह योजून, लिहून ठेवले. अशा अदलाबदलीचे प्रकार किती? केवळ दहाच अक्षरे घेतली तरी शंकराच्या आयुधांइतके, छत्तीस लाखांहून अधिक. ती लिपी शतकानुशतके पंथाबाहेर कुणाला वाचता आली नाही, तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या परिश्रमांतून ती मोकळी झाली. सगळ्या मांडण्या तपासण्याची गरज पडत नाही; भाषेच्या सवयीच वाट दाखवितात.

म्हणून आजच्या कूटलेखनाला दुसऱ्या प्रकरणाकडे, कुट्टकाकडे, जावे लागले. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल, असा प्रश्न आचार्य घालतात. उत्तर पाच, भागाकार सहा. मोठ्या संख्यांना परस्पर भागीत लहान करीत जावयाचे आणि मग उलट पावली गुणक बांधीत यावयाचे, ही त्यांची रीत. मूळ कल्पना आर्यभटांची. मिळवावयाची संख्या एक घेऊन आधी गुणक काढावा आणि तोच पुढे सर्वत्र वापरावा, या स्थिरकुट्टकाची योजनाही आचार्यांनी दिली आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी कुलपाची एक किल्ली जाहीर करून दुसरी गुप्त ठेवण्याची पद्धत शोधली. पाच आणि अकरा या लहान मूळसंख्या घेऊन तिचे चिमुकले रूप पाहता येते. दोहोंतून एकेक वजा करून गुणाकार केला की चाळीस. जाहीर किल्ली सात ठरविली, तर सातला कितीने गुणून चाळिसाने भागल्यास बाकी एक राहील? तेवीस, कारण सात तेविसा १६१. ही तेवीस म्हणजे गुप्त किल्ली, आणि ती काढण्याचे काम कुट्टकाचे. शेकडो आकडी संख्यांवर हेच कुटणे यंत्रे करतात. आचार्यांना कुट्टक हवा होता तो ग्रहांच्या भगणांसाठी. गुप्त किल्ल्यांची कल्पना त्यांच्या स्वप्नातही नव्हती. त्यांच्या नावावर आधुनिक शोध चढविण्याची हौस टाळलेली बरी. त्यांची थोरवी सिद्ध करण्यास असल्या उसनवारीची गरज नाही.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ हा आरंभ धरून, त्यांनी 'करणकुतूहल' हा पंचांगकर्त्यांच्या सोयीचा ग्रंथ रचला. त्यांच्या आयुष्यातील निश्चित सनाची ही शेवटची खूण. 'सिद्धांतशिरोमणी'वर त्यांनी स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिले आणि लल्लाचार्यांच्या ग्रंथावरही विवरण केले. नियम सांगून मोकळे न होता त्याची उपपत्ती द्यावी, हा त्यांचा आग्रह या भाष्यांतून जागोजाग दिसतो. पुढे इ. स. १३५६ मध्ये नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी'त अंकपाशाचा विस्तार अनेक पटींनी केला. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली. १८१६ मध्ये टेलरचा आणि १८१७ मध्ये कोलब्रुकचा, असे दोन इंग्रजी अनुवाद लागोपाठ निघाले. मराठीत ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शना'ने हा ग्रंथ सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणला.

आचार्यांच्या विद्येची व्यवस्था मात्र सर्वांआधी त्यांच्या घरानेच केली. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे 'सिद्धांतशिरोमणी' आदी ग्रंथ आणि घराण्यातील इतरांची रचना शिकविली जावी यासाठी त्याने पाटणला मठ स्थापिला. शके ११२८ च्या लेखानुसार, इ. स. १२०७ मधील श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणसमयी, निकुंभ वंशातील सोइदेवाने या मठाला दान दिले. ज्योतिषाच्या मठाला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान मिळावे, हा योग आचार्यांना नक्कीच रुचला असता. लेखाचा पहिला भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील सांगण्याची वेळ येताच तो मराठीत उतरतो. मराठीच्या प्राचीन शिलालेखांत म्हणूनच त्याची गणना होते. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या मठाला द्याव्यात. जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल द्यावे. जे काही मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापाईतील अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.